आकाशाहून मंद उजेड: कमी खर्चात दीर्घिका कॅमेऱ्यात कशा पकडाव्यात

व्हर्लपूल दीर्घिकेची, म्हणजे एम ५१ची, तीन मिनिटांची एक फ्रेम कॅमेऱ्याच्या पडद्यावर उघडा. करड्या पार्श्वभूमीवर दोन धूसर ठिपके दिसतात, एक मोठा आणि त्याला चिकटून एक लहान. लेन्सवर बोट लागून डाग पडावा तसं ते दिसतं. सर्पिल भुजा नाहीत, रंग नाही. बहुतेक जण इथेच ठरवून टाकतात की आपली दुर्बीण लहान पडली, आता मोठी घ्यायला हवी. पण त्या फ्रेममध्ये भुजा आलेल्या असतात, आकाशाच्या उजेडाखाली त्या झाकल्या गेलेल्या असतात. अशा ऐंशी फ्रेम एकत्र करा, त्याच डागातून दोन्ही भुजा वर येतात, भुजांमधले धुळीचे काळे पट्टे दिसतात आणि शेजारच्या एनजीसी ५१९५ या लहान दीर्घिकेपर्यंत गेलेली भुजाही दिसते.

१८४५ साली लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमध्ये ७२ इंची दुर्बिणीला डोळा लावून या भुजांचं पहिलं चित्र काढलं होतं. आज पाच इंची आरसा आणि जुना डीएसएलआर यांच्या जोरावर त्या चित्रापेक्षा जास्त तपशील मिळतो, कारण डोळ्याला उजेड साठवता येत नाही आणि कॅमेऱ्याला येतो.

आधी थोडं गणित

हे गणित एकदा डोक्यात बसलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही याचे निम्मे प्रश्न सुटतात, म्हणून इथे घाई करू नका.

आकाश किती उजळ आहे हे दर चौरस विकलेमागे (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) किती प्रतीचा उजेड येतो यावरून मोजतात. प्रत हे तेजस्वितेचं माप, पण ते उलटं असतं, आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेडात शंभर पटींचा फरक. मोठ्या शहराच्या मध्यावर आकाश १८ प्रतीच्या आसपास असतं, चांगल्या अंधाऱ्या जागी २१.५ किंवा त्याहून मंद. सर्पिल दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजा मात्र २३च्या आसपास असतात. म्हणजे अंधाऱ्या जागीसुद्धा भुजेचा उजेड आकाशाच्या चौथ्या हिश्श्याइतकाच, आणि शहरात तर शंभराव्या हिश्श्याइतका.

आता एक पिक्सेल घ्या. शहरातून काढलेल्या फ्रेममध्ये त्यात आकाशाचे १०,००० प्रकाशकण पडले आणि भुजेचे १००. आकाशाचा सरासरी उजेड नंतर वजा करता येतो. पण प्रकाशकण मोजून मापून येत नाहीत, त्यांची संख्या कमीजास्त होते, आणि हा चढउतार, म्हणजेच नॉइज, एकूण संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. १०,०००चं वर्गमूळ १००. भुजेचा उजेड १०० आणि नॉइजही १००, मग भुजा दिसणार कशी? आता तोच कॅमेरा, तीच दुर्बीण, तेवढंच एक्स्पोजर, फक्त जागा २१.५ प्रतीची. आकाशाचे कण पंचवीस पट कमी, म्हणजे ४००. भुजेचे १०० तेच. एकूण ५००, त्याचं वर्गमूळ साधारण २२. एकाच फ्रेममध्ये सिग्नल, म्हणजे भुजेचा उजेड, नॉइजच्या साडेचार पट झाला. शहरात राहून एवढं मिळवायला तशा वीस फ्रेम लागतील.

म्हणूनच माझं पहिलं सांगणं असतं की मोठ्या दुर्बिणीसाठी पैसे साठवत बसण्याआधी अंधाऱ्या जागी जायची सोय करा. मोठ्या आरशातून दीर्घिकेचा उजेड वाढतो, तसाच आकाशाचाही वाढतो. दोघांमधलं प्रमाण फक्त जागा बदलल्याने बदलतं. दुसरं म्हणजे वेळ. फ्रेम चौपट केल्या की सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर दुप्पट होतं. एका तासाचे चार तास केले की फरक डोळ्याला ठळक दिसतो. चाराचे सोळा करायला तीन-चार रात्री जातात, पण तेवढाच फरक पुन्हा दिसतो.

पैसे कुठे घालायचे

क्रम लक्षात ठेवा: आधी माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून आकाशाबरोबर फिरवणारा आधार, मग दुर्बीण, मग कॅमेरा. दुकानात सगळं उलट्या क्रमाने मोहात पाडतं. आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं, आणि त्या गतीशी तुमचं माउंट जुळलं नाही तर उत्तम भिंगातूनही ताऱ्यांच्या रेघाच मिळतील. लागतं ते विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ज्याचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखता येतो असं, दोन्ही अक्षांना मोटर असलेलं. ईक्यू ५ दर्जाचं चालतं, त्याहून भक्कम मिळालं तर उत्तम. माउंट किती वजन पेलतं याचा आकडा कंपनी देते तो डोळ्याने बघण्यासाठी असतो. फोटोसाठी त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबा. लांब नळीच्या दुर्बिणीला वारा धरतो, त्यामुळे वजनाइतकीच नळीची लांबीही बघा.

दुर्बीण म्हणून १३० मिलीमीटर व्यासाची एफ/५ न्यूटोनियन, म्हणजे ६५० मिलीमीटर फोकल लेंथची आरशाची दुर्बीण, खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त देते. तिच्यासोबत कोमा करेक्टर घ्यावाच लागतो, नाहीतर कोपऱ्यांतले तारे छोट्या धूमकेतूंसारखे शेपट्या काढतात. घेण्याआधी फोकसर, म्हणजे फोकस जुळवायला आतबाहेर सरकणारी नळी, आत इतका जातो का की कॅमेऱ्याचा फोकस जुळेल, हे विचारून घ्या. डोळ्याने बघण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच न्यूटोनियनमध्ये फोकस नळीच्या आतच अडकतो, आणि हे घरी आणल्यावर कळलं की फार हळहळ होते.

एवढंही जमत नसेल तर जुनी २०० किंवा ३०० मिलीमीटरची टेलिफोटो लेन्स आणि छोटा स्टार ट्रॅकर, म्हणजे कॅमेरा आकाशाच्या गतीने फिरवणारं लहान माउंट, पुरतो. देवयानी दीर्घिका, एम ३३, एम ८१ आणि एम ८२ची जोडी, सिंहेतलं त्रिकूट आणि कन्येतली मार्केरियनची माळ यांच्यासाठी ही जोडणी मनापासून सुचवेन.

कॅमेरा दहा-बारा वर्षं जुना डीएसएलआर असला तरी हरकत नाही. रॉ फाइल देणारा, लाइव्ह व्ह्यू असलेला आणि इंटरव्हॅलोमीटर (एकामागून एक फोटो आपोआप घेणारं साधन) जोडता येणारा हवा. सेन्सरवरचा लाल उजेड अडवणारा फिल्टर काढून घेण्याचा खर्च तेजोमेघांसाठी उपयोगी आहे. दीर्घिकांचा उजेड मुख्यतः ताऱ्यांचा असतो, त्यामुळे इथे तो खर्च टाळा. एम ३३मधले गुलाबी हायड्रोजनचे ढग किंवा एम ८२मधून बाहेर फेकला जाणारा लाल वायू, असे अपवाद आहेत.

याच कारणाने फिल्टरबद्दल कळकळीने सांगतो. शहराच्या उजेडावर उतारा म्हणून नॅरोबँड, म्हणजे ठरावीक रंगांचाच उजेड आत सोडणारे, फिल्टर विकले जातात आणि तेजोमेघांवर ते खरंच सुंदर काम करतात, कारण तेजोमेघ ठरावीक रंगांतच चमकतो. तारे सगळ्या रंगांत चमकतात. फिल्टर शहराच्या दिव्यांसोबत दीर्घिकेचाही बहुतेक उजेड अडवतो. दीर्घिकांसाठी मी फिल्टर लावत नाही. तो पैसा प्रवासात घालतो.

जोडणी जुळते का हे तपासायचं एक सूत्र पाठ असू द्या: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ने गुणा आणि फोकल लेंथच्या मिलीमीटरने भागा. उत्तर येतं ते एका पिक्सेलमागे किती विकला. ४.३ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ६५० मिलीमीटर धरले तर १.३६ विकला. एम ५१ साधारण ११ कला (साठ कला म्हणजे एक अंश) रुंद आहे, म्हणजे फोटोत ती ४८५ पिक्सेल भरेल. एकपासून दोन विकलांपर्यंत उत्तर आलं की समाधान माना. हवेच्या थरथरीमुळे तारे तसेही दोन-तीन विकला पसरतात, त्यामुळे लांब फोकल लेंथने चित्र मोठं होतं, तपशील वाढत नाही, आणि माउंटच्या चुका मात्र मोठ्या दिसतात.

कोणती दीर्घिका, कधी

यादीतली प्रत बघून फसू नका. ती सगळ्या दीर्घिकेचा उजेड एका बिंदूत गोळा केल्यावरची असते. एम १०१ची प्रत ७.९ आणि एम ५१ची ८.४, म्हणून एम १०१ सोपी वाटते. प्रत्यक्षात एम १०१चा उजेड जवळजवळ पूर्ण चंद्राएवढ्या जागेत पसरलेला आहे, आणि शहरातून ती निघतच नाही. नवख्याने लहान, घट्ट, उजळ दीर्घिकांपासून सुरुवात करावी: एम ८२, एम १०४, एम ५१, एम ८१. त्यानंतर एनजीसी ८९१ आणि एनजीसी ४५६५ या कडेवरून दिसणाऱ्या दीर्घिका, मधोमध धुळीची काळी रेघ असलेल्या. एम ३३ आणि एम १०१ अंधाऱ्या आकाशासाठी राखून ठेवा. देवयानी तीन अंश पसरलेली आहे, ६५० मिलीमीटरवर ती एका चौकटीत मावत नाही, तिच्यासाठी लेन्सच हवी.

दीर्घिकांचा खरा हंगाम मार्च ते मे. त्या दिवसांत रात्री आपण आकाशगंगेच्या तबकडीच्या बाहेर, वरच्या दिशेने बघत असतो. वाटेत धूळ आणि तारे कमी असतात, आणि सिंह, कन्या, अरुंधती केश, सप्तर्षी या भागांत दीर्घिकांची गर्दी दिसते. ऑक्टोबर ते डिसेंबर देवयानी, एम ३३, एनजीसी ८९१ आणि दक्षिणेकडची एनजीसी २५३. अमावास्येच्या आगेमागचे आठ-दहा दिवस निवडा. स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून तुमची दीर्घिका किती वाजता सगळ्यात उंच येते ते बघा आणि त्या वेळेच्या आधीचे नि नंतरचे दोन-दोन तास तिला द्या. क्षितिजापासून तीस अंशांवर उजेडाला डोक्यावरच्या दुप्पट हवेतून यावं लागतं, त्याखाली फ्रेम घेण्यात अर्थ नाही.

रात्रीचं काम

उजेड असतानाच पोहोचा. तिवई घट्ट जमिनीवर, पाय शक्य तितके आखूड ठेवून उभी करा. दुर्बीण तासभर बाहेर थंड होऊ द्या, आतली गरम हवा निघेपर्यंत तारे उकळल्यासारखे दिसतात. न्यूटोनियन प्रवासात हलते, तेव्हा आरशांची जुळणी दर वेळी तपासा.

मग ध्रुवजुळणी, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणं. ध्रुवतारा खऱ्या खगोलीय ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, त्यामुळे त्याला मधोमध धरून भागत नाही. लॅपटॉप असेल तर निना या मोफत सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची ध्रुवजुळणी वापरा. ती आकाशाचे तीन फोटो घेते, ताऱ्यांच्या रचनेवरून माउंटचा अक्ष कुठे रोखलाय ते शोधते आणि कोणता स्क्रू किती फिरवायचा ते सांगते. झाडाआड ध्रुवतारा गेला तरी चालतं. दोन-तीन कलांच्या आत चूक आली की पुढे जा.

फोकस हा माझ्या मते सगळ्यात जास्त रात्री वाया घालवणारा भाग आहे. बाहटिनोव्ह मास्क, म्हणजे फोकस तपासायची जाळी, जाड कार्डबोर्डचा घरी कापता येतो, जाळीचा आराखडा तयार करून देणारी मोफत साधनं आहेत. तो नळीच्या तोंडावर लावा, ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करा. ताऱ्यातून तीन किरण निघालेले दिसतील, दोन फुलीसारखे आणि तिसरा त्यांच्यामधून जाणारा. फोकसर हलवाल तसा मधला किरण बाजूला सरकतो. तो फुलीच्या बरोबर मध्यातून गेला की थांबा, स्क्रू आवळा आणि पुन्हा बघा, कारण आवळतानाच तो बऱ्याचदा किंचित हलतो. मास्क काढायला विसरू नका. रात्र थंड होत जाते तशी नळी आकुंचन पावते, म्हणून दर तासाभराने फोकस तपासा. एका रात्री मी हे टाळलं होतं. पहाटे बघितलं तर शेवटच्या दोन तासांचे सगळे तारे फुगलेले होते, आणि त्या चाळीस फ्रेम टाकून द्याव्या लागल्या.

स्वस्त माउंटच्या गिअरमध्ये चूक असते, त्यामुळे तारा ठरावीक लयीत पुढेमागे झुलतो. गाइडिंग त्यासाठीच. ५० मिलीमीटरची छोटी गाइड दुर्बीण, तिला छोटा मोनो, म्हणजे कृष्णधवल, कॅमेरा, आणि पीएचडी २ हे मोफत सॉफ्टवेअर. ते दर दोन सेकंदांनी एका ताऱ्याची जागा बघतं आणि माउंटला किंचित ढकलतं. आलेखात एकूण चूक एका विकलेच्या आसपास असली की निर्धास्त राहा. ती वाढली तर सेटिंग बदलण्याआधी केबल बघा. लोंबणारी, कुठेतरी अडकणारी केबल हे सगळ्यात नेहमीचं कारण. गाइडिंगचा खर्च पुढे ढकलायचा असेल तर तीस सेकंदांच्या फ्रेम घ्या आणि रेघा आलेल्या गाळा. संख्या जास्त घेतली की तेही चालतं.

आयएसओ ८०० किंवा १६००. एक्स्पोजर इतकं की हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डावी कड सोडून उभा राहील. शहराजवळ त्याला तीस ते साठ सेकंद पुरतात, अंधाऱ्या जागी दोन-तीन मिनिटं लागतात. त्याहून लांब फ्रेमचा फायदा नगण्य, आणि वाऱ्याच्या एका झुळकेने गमावायचं जास्त. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर निम्मी रात्र कॅमेरा झाकण लावल्यासारखा काळ्या फ्रेम घेत बसतो.

डिदरिंग चालू कराच. दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण मुद्दाम काही पिक्सेल सरकवली जाते. ते केलं नाही तर सेन्सरचे कायमचे दोष ताऱ्यांच्या तुलनेत हळूहळू सरकत जातात आणि एकत्र केलेल्या चित्रात पावसासारख्या तिरप्या रेघा उमटतात. त्या नंतर काढता येत नाहीत.

फ्लॅट घेतल्याशिवाय घरी जाऊ नका

शहराजवळ मंद भुजा आकाशाच्या उजेडाच्या काही टक्केच असतात. कोपरे काळवंडणं आणि सेन्सरवरच्या धुळीची वर्तुळं यांनी मात्र उजेड दहा-वीस टक्के बदलतो. ते दुरुस्त केल्याशिवाय भुजा ओढून वर आणल्या की आधी धूळच वर येते. पहाटे फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन न हलवता नळीच्या तोंडावर स्वच्छ पांढरा कपडा ताणून बसवा, दुर्बीण उजळत्या आकाशाकडे वर करा, हिस्टोग्राम मध्यावर येईल अशा एक्स्पोजरने तीसेक फ्रेम घ्या. या झाल्या फ्लॅट. झाकण लावून सगळ्यात कमी एक्स्पोजरच्या पन्नास फ्रेम म्हणजे बायस. डार्क फ्रेम झाकण लावून, मूळ फ्रेमइतक्याच एक्स्पोजरच्या, त्याच आयएसओच्या आणि जवळपास त्याच तापमानाच्या, वीस-तीस. सामान आवरताना कॅमेरा बाहेर ठेवला तर त्या आपोआप होतात.

टेबलावर

फ्रेम एकत्र करणारं सिरिल हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या सगळ्याला पुरतं. चार फोल्डर करून फ्रेम विभागा, सिरिलमधली रंगीत कॅमेऱ्यासाठीची तयार स्क्रिप्ट चालवा, बाकी ते करतं. एकत्र करताना सिग्मा क्लिपिंग वापरलं जातं, म्हणजे एका फ्रेममध्येच आलेली विमानाची किंवा उपग्रहाची रेघ गळून जाते. उपग्रह गेला म्हणून फ्रेम टाकू नका. रेघा झालेले तारे किंवा ढग असलेल्या मात्र निर्दयपणे काढा.

तयार झालेलं चित्र जवळजवळ काळं दिसेल, घाबरू नका. ऑटोस्ट्रेच, म्हणजे पडद्यावर आपोआप उजळवून दाखवणारी सोय, लावून बघा. पहिलं काम पार्श्वभूमी सपाट करण्याचं. सिरिलमध्ये किंवा ग्राएक्सपर्ट या सॉफ्टवेअरमध्ये आकाशाच्या नमुन्याचे बिंदू टाकताना ते दीर्घिकेपासून चांगले लांब ठेवा. भुजेच्या टोकावर एक बिंदू पडला की सॉफ्टवेअर ती भुजा आकाश समजून पुसून टाकतं, आणि तुमच्या चार तासांमधलं सगळ्यात मोलाचं तेच असतं. मग ताऱ्यांच्या नोंदींवरून रंग जुळवणारी प्रक्रिया चालवा. भुजांमध्ये निळसर, गाभ्यात पिवळसर रंग आपोआप येतो, कारण भुजांत तरुण तारे आणि गाभ्यात म्हातारे.

चित्र उजळवताना एकदम ओढू नका. हायपरबोलिक स्ट्रेच थोडा थोडा, तीन-चार वेळा. गाभा पांढरा पडायला लागला की मागे या. पार्श्वभूमी पूर्ण काळी करायचा मोह होतो, पण तिला गडद करडीच राहू द्या. काळ्या रंगात भुजांची शेवटची टोकं बुडतात. तारे स्टारनेट या सॉफ्टवेअरने वेगळे काढून फक्त दीर्घिका उजळवली तर तारे फुगत नाहीत, पण नॉइज कमी करताना हात आखडता ठेवा. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत भुजा मला बघवत नाहीत. त्यापेक्षा थोडे दाणे दिसलेले बरे.

शेवटी चित्र शंभर टक्के मोठं करून कोपरे नीट बघा. एम ५१च्या चौकटीत एनजीसी ५१९५च्या जवळ आयसी ४२७७चा बारीक धागा सापडतो, आणि थोडं लांब आयसी ४२६३ची कडेवरून दिसणारी तबकडी. सिरिलमध्ये चित्रावर नावं उमटवण्याची सोय आहे. ती चालू करा आणि तुम्ही धूळ समजून सोडून दिलेले किती ठिपके दीर्घिका निघतात ते मोजा.